यंदा सण नाही, पण आगमनकाळ आहे

पुणे, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

काका गेले, त्यामुळं वर्षभर घरात सण नाही, हे मला मान्य आहे. करंज्या-चकल्या नकोत, दारात चांदणी नको, नवे कपडे नकोत. पण आई, तू फोनवर म्हणालीस, "यंदा काहीच करायचं नाही." त्यातलं 'काहीच' मला पटत नाही, म्हणून निवांत लिहिते आहे.

बंद ठेवायचा तर नाताळचा थाट बंद ठेवा, आगमनकाळ ठेवू नका. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार आणि त्यांचे आठवडे. त्यांचा रंग जांभळा, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांचा जो रंग तोच. वाचनांत तुरुंग आहे, तोडलेल्या झाडाचा बुंधा आहे, "प्रभू, कुठवर?" असा आक्रोश आहे. गोडधोड आणि रोषणाई २५ तारखेपासून पुढची. ज्या घरातलं एक माणूस कमी झालंय, त्या घराला न झेपणारं या काळात काहीच नाही. किंबहुना अशाच घरासाठी तो आहे, असं मी मनापासून मानते.

यंदा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला येतो, मग ७, १४ आणि २१ डिसेंबर. नाताळ गुरुवारी आहे, म्हणजे चौथा आठवडा नुसता चार दिवसांचा. एकूण पंचवीस दिवस. रोज संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, दहा मिनिटं. त्याहून जास्त ठरवू नका. अर्ध्या तासाची घरची उपासना ठरवली की पहिले चार दिवस होते, मग पाहुणे येतात, वीज जाते, बाबांना थकवा येतो, आणि सगळंच सुटतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचनं करून भरपाई करू नका. साचलेलं ओझं वाटू लागलं की माणूस बायबल उघडायचंच टाळतो. ज्या दिवशी बसाल त्या दिवसाचं वाचा आणि उठा.

या दहा मिनिटांसाठी पाल्याचं चक्र करा, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. बाबा, तुम्ही म्हणाल की हे कॅथलिकांचं, आपल्यात नाही. आपल्यात नव्हतं हे खरं. आपल्या बेळगावात १८२० साली जोसेफ टेलर यांनी काम सुरू केलं ते लंडन मिशनरी सोसायटीतर्फे, आणि त्या सोसायटीत मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाचे लोक होते. ते चर्चचं पंचांग फारसं पाळत नसत, तेव्हा जुन्या घरांना या चक्राची सवय नसली तर नवल नाही. पण ते सुरू झालं प्रॉटेस्टंटांतच. योहान हिन्रिख विखर्न नावाचे ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञ हँबुर्गला गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळला किती दिवस राहिले हे मुलांना दिसावं म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीचं लाकडी चाक घेऊन त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. हिरवा पाला नंतर आला. कॅथलिक घरांत हे चक्र पोचलं विसाव्या शतकात. तेव्हा संकोच नको.

साहित्य घरातलंच घ्या. आपली बारा इंची स्टीलची परात, तळाला दोन इंच चाळलेली वाळू. वाळूवर पाणी शिंपडा, इतकंच की मूठ वळावी पण पाणी सुटू नये. कोरड्या वाळूत मेणबत्ती कलते आणि पालाही लवकर वाळतो. चार मेणबत्त्या वाळूत दीड इंच खोल रोवा, दोन मेणबत्त्यांमध्ये निदान पाच इंच अंतर ठेवा. जवळ असल्या की एकीच्या धगीनं दुसरी एका बाजूनं वितळून ओघळते. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्याच घ्या आणि परातीच्या काठाला तीन जांभळ्या नि एक गुलाबी कापडाची पट्टी बांधा. मेणबत्तीलाच रिबीन बांधलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहते. ज्योत खाली आली की ती पेटते.

मेणाचा हिशोब असा. पहिली मेणबत्ती पंचवीस दिवस लागणार, दुसरी अठरा, तिसरी अकरा, चौथी चार. रोज दहा मिनिटं धरली तर पहिली साधारण सव्वाचार तास जळेल आणि चौथी पाऊण तासही नाही. बोटाएवढ्या जाडीची मेणबत्ती तासाला सुमारे इंचभर उतरते. म्हणून पहिलीसाठी वाळूवर सहा इंच तरी राहील इतकी लांब घ्या. बाजारात पुडक्यात मिळतात त्या बारीक मेणबत्त्या चालणार नाहीत, पंख्याच्या वाऱ्यात तर त्या लगेच संपतात. पेटवण्याआधी वात पाव इंचावर कातरा, काजळी धरत नाही. ज्योत पाल्याच्या दोन बोटं वर आली की मेणबत्ती बदला, उरलेलं मेण वाया गेलं तरी चालेल. पाला सुरूचा असो वा आंब्याचा, दर शनिवारी नवा घाला. आणि गव्हाणीसाठी पिंजर आणलीत तर ती या परातीच्या आसपास बिलकूल नको.

आता मुख्य गोष्ट. वरचं सगळं पुढच्या सोप्यासाठी, म्हणजे बाहेरच्या खोलीसाठी आहे. बाबांच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन आहे, तिथं ज्योत नको, काडीसुद्धा नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात साधी ठिणगी भडकते आणि कापड बघता बघता पेटतं. मशीन बंद करून नळी काढली तरी शालीत, रगात, केसांत ऑक्सिजन काही वेळ मुरलेला राहतो, म्हणून "दहा मिनिटं नळी काढू, मग लावू" हा उपाय उपाय नव्हे. बाबा, प्रार्थनेसाठी नळी काढायची नाही. तुमच्यापासून ज्योत निदान दहा फूट लांब हवी, आणि मधलं दार उघडं राहणार असेल तर त्याहून लांब. त्यापेक्षा सरळ सेलवर चालणाऱ्या चार मेणबत्त्या वापरा, मी पाठवते आहे. खऱ्या ज्योतीवाचून प्रार्थना उणी होत नाही. सेलच्या झाकणाचा स्क्रू मात्र घट्ट ठेवा, शेजारची लहान मुलं येतात. बटणासारखा सेल पोटात गेला तर आतून भाजतो.

बाबा, मोठ्यानं प्रार्थना म्हणताना धाप लागते म्हणून तुम्ही आता आईलाच म्हणायला लावता. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या आहे, म्हातारा याजक. बाळ होणार हे कळलं त्या दिवसापासून योहानाचं नाव ठेवेपर्यंत त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्या घरातला आगमनकाळ मुक्यानंच गेला, आणि तो मोजला गेला. तुम्ही एवढंच करा: नाकानं श्वास घेताना मनात "ये", मग ओठ शीळ घालताना करतो तसे आवळून दुप्पट सावकाश सोडताना मनात "प्रभू येशू". दोन अंक मोजून घ्यायचा, चार मोजून सोडायचा. बायबलच्या शेवटच्या पानावरची हाक आहे ती. धाप लागणाऱ्याला श्वास सोडायची हीच पद्धत शिकवतात.

वाचनं मी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवली आहेत, आईला चष्म्यानंही बायबलचा टाइप लागत नाही म्हणून. जिथं वाचनांचा हाच तक्ता पाळतात तिथं कन्नड उपासनेतही त्या रविवारी हेच भाग असतात, त्यामुळं शेजारच्या अक्कांशीही बोलता येईल. पहिल्या रविवारी यशया २ आणि मत्तय २४: तलवारींचे फाळ होतील, आणि जागे राहा. दुसऱ्या रविवारी यशया ११, इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्याला फुटलेला कोंब, आणि रोमकरांस पत्र १५. हे दोन आठवडे मी फार सांगत नाही, वाचत जा.

तिसऱ्या रविवारी, १४ तारखेला, थांबा. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती असते, आनंदाची. वाचन काय, तर मत्तय ११: बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. योसेफस या इतिहासकारानं तो किल्ला मृत समुद्राच्या पूर्वेचा मखेरस असल्याचं लिहिलंय. ज्यानं यार्देनेवर येशूकडे बोट दाखवलं, तोच आता शिष्यांना पाठवून विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? येशू त्याला रागावत नाही. आंधळे बघतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता मिळते, हे जाऊन सांगा म्हणतो. हे शब्द यशयाच्या पुस्तकाची आठवण करून देणारे आहेत. पण यशया ६१ मध्ये, जे येशूनं स्वतः नासरेथच्या सभास्थानात वाचलं होतं, बंदिवानांच्या सुटकेचंही वचन आहे. योहानाला पाठवलेल्या निरोपात तेवढं नाही. आणि योहान सुटलाच नाही, हेरोदानं त्याचं डोकं उडवलं.

मंडळीनं आनंदाच्या रविवारी हा भाग वाचायला ठेवला, याचा मला फार आधार वाटतो. काकांसाठी आपण मागितलं ते मिळालं नाही. बाबांचा श्वास आधीसारखा झालेला नाही. हे देवापुढं तसंच्या तसं बोलायला या रविवारी मोकळीक आहे. योहानाचे शिष्य निरोप घेऊन वळतात न वळतात तोच येशू लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कोणी झाला नाही. शंका विचारल्याबरोबर मिळालेली ही साक्ष आहे. तेव्हा कोणी भेटायला येऊन "विश्वास कमी पडला" म्हणालं, तर हाच अध्याय काढून द्या. "आनंदी राहा, नाताळ आलाय" असं म्हणणाऱ्यांनाही.

त्याच दिवशी याकोब ५ आहे. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो, तसा धीर धरा. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, पेरणीचा, आणि शेवटचा मार्च-एप्रिलचा, दाणा भरण्याचा. आपल्याकडं महिने वेगळे, पण परतीच्या पावसावर शाळू पेरणाऱ्या बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. यशया ३५ सुद्धा तेव्हाच वाचा, गळालेल्या हातांना आणि लटपटत्या गुडघ्यांना बळ द्या असं त्यात आहे. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी ते मी लाल शाईनं लिहिलंय.

१५ ते १९ तारखेच्या आठवड्यात लूकचा पहिला अध्याय पाच तुकडे करून वाचा: ५ ते २५, २६ ते ३८, ३९ ते ५६, ५७ ते ६६, ६७ ते ८०. बाकीच्या दिवशी त्या-त्या रविवारचं स्तोत्रच परत म्हणा.

उपवास धरायचा नाही, आई. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलं की चक्कर येते, आणि तुला उठवायला बाबांना जमणार नाही. त्याऐवजी रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ डब्यात बाजूला काढ. मूठ साधारण पन्नास ग्रॅमची, पंचवीस दिवसांत सव्वा किलो. त्यात किलोभर तूरडाळ आणि कपाटातली जादा रग घालून २० तारखेच्या आत संडे स्कूलच्या मुलांबरोबर ऊसतोड्यांच्या कोप्यांवर पाठव. म्हणजे डब्यात तेव्हा एकवीस मुठी असतील, उरलेल्या चार वरून घाल. गाळपाच्या दिवसांत ती माणसं उघड्यावर थंडीत असतात. योहानानंही हेच सांगितलं होतं, दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. शोकाच्या वर्षात सण होत नाही, पण देणं होतं.

चौथा रविवार, २१ डिसेंबर, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचा. बेळगावात ती जवळजवळ तेरा तासांची असते. स्तोत्र ८० आहे: देवानं लोकांना अश्रूंची भाकर खायला घातली, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्या संध्याकाळी काकांचं नाव मोठ्यानं घ्या. काकूला बोलवा, तिला वाचायला सांगा, ती रडली तर थांबवू नका. मत्तय १ मधला योसेफ उरलेल्या तीन दिवसांत पुरे.

२४ ला रात्रीच्या उपासनेला जाऊ नका. थंड हवेनं बाबांची छाती भरते. घरीच लूक २ मधली पहिली वीस वचनं वाचा, मी फोनवर असेन.

पार्सल शुक्रवारी निघेल: वाचनांचे कागद, चार सेलच्या मेणबत्त्या, जादा सेल, जांभळं-गुलाबी कापड. परात आणि वाळू तुमच्याकडची.

तुमची लेक

ता. क. उसाचा पाला पेटवायला लागले की धूर आत येतो. संध्याकाळी खिडक्या लावून घ्या. मशीनचा बाहेरचा स्पंजचा फिल्टर दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. शनिवारी पाला बदलताना तेही करा, म्हणजे विसरणार नाही.