खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

बाळंतपणानंतर माझी नि बाळाची काळजी घ्यायला तुम्ही घरी आलात, त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला दटावलंत, मला आदरार्थी ‘यू’ म्हणायचं नाही, सरळ एकेरी ‘ये’ म्हणायचं. डचमध्ये मी ते निमूट ऐकलं. मराठीत मात्र तुम्हांला अगं-तुगं करणं मला या जन्मी जमणार नाही, म्हणून मनातल्या मनात मी तुम्हांला मावशी करून टाकलं. आमच्या साताऱ्याकडं आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, दवाखान्यातल्या आयाबाईंना मावशी म्हणतात आणि घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनाही मावशीच म्हणतात. त्या आठ दिवसांत तुम्ही या तिघींचंही काम केलंत, शिवाय शिकलेल्या परिचारिकेचंही.

निघताना तुम्हांला दिलेल्या कार्डात मी डचमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राला विचारून. माझं डच ‘दांक ये वेल’पाशी, म्हणजे धन्यवादापाशी, संपतं आणि मला म्हणायचं होतं ते तिथून पुढचं. ते मराठीतच येणार. तुम्हांला हे वाचता येणार नाही, पण इथं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला नव्यानं आलेल्या, पोटुशा, रात्री झोप न लागणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला येईल.

जानेवारीतली गोष्ट. लेक सदतिसाव्या आठवड्यातच आली, पहाटे चारच्या सुमारास. आईचं तिकीट तीन आठवड्यांनंतरचं होतं. सगळं ठीक आहे म्हणून सकाळी दहाला दवाखान्यानं आम्हांला घरी जायला सांगितलं. आमच्याकडं साध्या बाळंतपणातही तीन दिवस ठेवून घेतात, आणि इथं सहा तासांत कारसीटमध्ये इवलंसं गाठोडं ठेवून आम्ही लाल सिग्नलला उभे. मी नवऱ्याला विचारलं, हिला खरंच आपल्या हवाली केलंय का? तो म्हणाला, सही केली आपण.

दुपारी तुम्ही सायकलवरून आलात. दारात बूट काढलेत (न सांगता, हे आईला फोनवर आधी सांगितलं), हात धुतलेत आणि सगळ्यांत आधी पलंगाची उंची बघितलीत. पलंगाच्या पायांखाली ते लाकडी ठोकळे आदल्याच आठवड्यात आले होते. क्लॉसेन म्हणतात त्यांना. गादी जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर हवी, म्हणजे वाकून वाकून तुमची कंबर जाऊ नये. मला वाटलं होतं ही बाळंतिणीची सोय. मग कळलं, हा तुमच्या पाठीचा हक्क आहे आणि इथं तो लिहून ठेवलेला आहे. आमच्याकडं शेक-शेगडी करणाऱ्या, दिवसभर बसून अंग चोळणाऱ्या बाईच्या कंबरेचा विचार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मग ती पहिली शी. काळी, डांबरासारखी चिकट. मी तुमच्याकडं बघितलं. आता या बाई घेतील बाळाला आणि मी डोळे मिटून पडेन. तुम्ही दोन पावलं मागं सरकलात, युनिफॉर्मच्या दोन्ही खिशांत हात घातलेत आणि म्हणालात, ‘कर. मी इथंच आहे.’

त्या क्षणी मला तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू? माझे हात थरथरत होते, टाके ओढत होते, बाळाचा पाय माझ्या अंगठ्याएवढा. मी चार ओले बोळे वाया घालवले, डायपर उलटा लावला. तुम्ही उलटा आहे एवढंच म्हणालात. हात खिशातच. दुसऱ्यांदा मी तो सुलटा लावला. त्यानंतर आठ दिवस मी ते हात बघत होते. मी बाळाला पाजायला घेताना, नवरा तिला पहिली अंघोळ घालताना, तिची मान हातातून निसटते की काय असं वाटलं तेव्हा, दर वेळी ते खिशात जायचे. एकदा मला दिसलं, खिशाच्या आत तुमच्या मुठी आवळलेल्या होत्या. म्हणजे तुम्हांलाही ते सोपं नव्हतं तर.

आमची भांडणंही आठवतात, म्हणजे खरं तर तुमची आणि आईची. व्हिडिओ कॉलवर. दुसऱ्या दिवशी जेवणाला तुम्ही मला चीज लावलेला पाव आणि ग्लासभर गार कार्नेमेल्क दिलंत. आई साताऱ्यातून ओरडली, ‘ताक? ओल्या बाळंतिणीला गार ताक?’ तुम्ही घाबरून फोनकडं बघितलंत, तिकडं काही अपघात झाला असं वाटून. मी माझ्या मोडक्या भाषेत सांगितलं की आमच्यात बाळंतिणीला गरम, तूप घातलेलं, मऊ असं देतात. वैद्यकीय कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण गार खाल्लं तर मला रडू येईल. तुम्ही वाद घातला नाहीत. फाईल उघडून काहीतरी लिहिलंत. चौथ्या दिवशी तुमची सुट्टी होती आणि तुमच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी फाईल वाचली आणि न विचारता मुगाची खिचडी गरम करून आणली. तुम्ही लिहिलं होतं, ‘गार पेय नको. सगळं गरम.’ आईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाई समजूतदार आहे हो.’ आईकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मलाही मिळालेलं नाही.

पण मधाला तुम्ही साफ नकार दिलात. वर्ष होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही, कारण त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. गुटी नको, धुरी तर नकोच नको. तेल चोळायला हरकत नाही, फक्त नाका-कानात घालायचं नाही. आईला वाटलं होतं तुम्ही आमचं सगळंच मोडीत काढणार. ज्याला कारण होतं तेवढंच तुम्ही अडवलंत. खिडकीच्या बाबतीत मात्र आमचं कधीच जमलं नाही. बाहेर शून्याच्या आसपास आणि तुम्ही सकाळी येऊन खिडकी उघडायचात, म्हणे खोलीत हवा खेळायला हवी. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की मी ती लावून घ्यायचे. ते तुम्हांला माहीत होतं, हे मला माहीत आहे.

आणि तरीही बाळाला ऊब देण्याची तुमची रीत बघून मला आजीची आठवण आली. आजी बाजेखाली शेगडी ठेवायची. तुमच्याकडं पत्र्याची गरम पाण्याची बाटली, क्राउक. तिला कापडी पिशवीत घालायचं, झाकण खालच्या बाजूला, पांघरुणाच्या वर, बाळापासून वीतभर लांब. हे तुम्ही नवऱ्याकडून तीनदा करून घेतलंत. झाकण खाली का, ते त्यानं विचारलं. गळती झाली तर पाणी बाळाच्या अंगाकडं नाही, पायथ्याकडं जावं म्हणून. तो इंजिनिअर माणूस. घरात त्याच दिवशी पहिल्यांदा त्याचं समाधान झाल्याचं दिसलं.

तिसरा दिवस. दूध उतरत होतं, छाती दगडासारखी, आणि लेकीचं वजन 2740 वरून 2550 ग्रॅमवर आलेलं. तुम्ही म्हणालात, पहिल्या दिवसांत एवढं उतरतंच. मला ऐकूच आलं नाही. त्यात नवरा नगरपालिकेत जन्म नोंदवून आला. इथं तीन दिवसांत नोंद करावी लागते, नाव सांगून. आमचं बारसं बाराव्या दिवशी, अक्षर भटजींकडून यायचं होतं, आत्याला कानात नाव सांगायचं होतं. तो म्हणाला, आपलं ठरलेलं तेच दिलं. ते माझ्याच आवडीचं नाव होतं आणि मी हमसून हमसून रडायला लागले. रडू थांबेना. वर भीती, कारण बाळंतिणीनं रडू नये, डोळे अधू होतात, असं लहानपणापासून ऐकलेलं.

तुम्ही धुतलेले कपडे घडी करत होता. घडी बाजूला ठेवून पलंगाच्या कडेला बसलात. ‘रडू नको’ म्हणाला नाहीत. एकच शब्द म्हणालात, ‘क्रामत्रानन’. बाळंतिणीची आसवं. तुमच्या भाषेत त्यासाठी आख्खा शब्द आहे, म्हणजे ते सगळ्यांचंच होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात, म्हणालात, ताप मोजतो तसं मी ते फाईलमध्ये लिहीन, दोन आठवडे झाले तरी थांबली नाहीत तर डॉक्टरांना सांगायचं. मग नवऱ्याच्या हातात बाबागाडीचा दांडा दिलात, त्याला टोपी घालायला लावलीत आणि दोघांना पाऊण तासासाठी बाहेर काढलंत. मला झोपवलंत. त्या पाऊण तासात बेल वाजली होती, शेजारच्या आजी बाळ बघायला आल्या होत्या. तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलंत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचं काम घरातलं कुणीच करू शकत नाही. त्यासाठी परकं माणूसच लागतं.

शेजारच्या आजी नंतर आल्या तेव्हा तुम्ही टोस्टवर लोणी लावून गुलाबी-पांढरे दाणे पेरलेत. बेस्खाउट मेट माउशेस. दाणे साखरेचे, पण आत बडीशेपेसारखं काहीतरी कुरकुरलं. तुम्ही म्हणालात, ‘आनाइस. पूर्वी म्हणायचे यानं दूध वाढतं.’ मी कपाटातून आईनं सहा महिन्यांपूर्वीच दिलेल्या बाळंतशेपांची पुडी काढून तुमच्यासमोर धरली. तुम्ही दोन दाणे चावलेत आणि हसायला लागलात.

पाचवा दिवस सांगायचाच राहिला. आईनं सकाळीच फोन करून बजावलं, आज पाचवी. रात्री सटवाई येते बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला. उशाशी कोरा कागद नि लेखणी ठेवा. पाटा-वरवंटा नव्हता, मिक्सरच्या भांड्यावर भागवलं. घरात कोरा कागद सापडेना, प्रिंटरचे कागद संपलेले. मी तुम्हांला विचारलं. तुम्ही मला सगळं पुन्हा नीट सांगायला लावलंत, देवी कधी येते, काय लिहिते, वाचता येतं का. मग तुमची ती फाईल घेतलीत, ज्यात रोज बाळाचं वजन, ताप, ओल्या डायपरची संख्या, कुठल्या बाजूला किती मिनिटं प्यायली हे सगळं तुमच्या तिरक्या अक्षरात होतं. पुढचं कोरं पान उघडून पाळण्यापाशी ठेवलंत आणि त्यावर तुमचं निळं पेन. जाताना दारातून म्हणालात, ‘पान पुरेल ना तिला? पुढं अजून आहेत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आल्या आल्या ते पान बघितलंत, कोरंच होतं. त्यावर तारीख घातलीत आणि खाली वजन लिहिलंत. 2610. वाढलं होतं.

त्याच दिवशी तुम्ही लेकीच्या कपाळावरची तीट डाग समजून ओल्या कापसानं पुसून टाकलीत. आई फोनवर गप्प झाली, हे ओरडण्यापेक्षा वाईट. पुढच्या सकाळी तुम्हीच विचारलंत, ‘आज तो काळा ठिपका कुठंय?’ मग आपण ती तळपायाला लावली. कुणाच्या डोळ्यांत येत नाही आणि कुणी पुसतही नाही.

नव्यानं येणाऱ्या मुलींनो, थोडं कामाचं. बाळंतिणीच्या घरी येऊन काळजी घेण्याच्या या सोयीला क्रामझोर्ख म्हणतात. इथल्या सक्तीच्या मूळ आरोग्यविम्यात ते येतं, फक्त तासामागं थोडे युरो आपण भरायचे. बहुतेकींना आठ दिवसांत मिळून 49 तासांपर्यंत मिळतात, गरजेप्रमाणं कमी-जास्त होतात. नाव मात्र गरोदरपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतच नोंदवा, माणसं कमी पडतात. ‘आई येणार आहे, कशाला हवी परकी बाई’ म्हणून रद्द करू नका. मी करणार होते.

आई आली ती बाळ जवळजवळ तीन आठवड्यांचं असताना. आल्या आल्या तिनं बाळ माझ्या हातातून घेतलं. तिचा हक्कच तो, आणि मलाही ते हवंच होतं. ती आधी आली असती तर चाळीस दिवस मी लेकीला पाजण्यापुरतीच हातात घेतली असती आणि त्यात मला काही गैरही वाटलं नसतं. पण चार दिवसांनी आई म्हणाली, मी पाय पसरून अंघोळ घालते ते बघ, तुला जमणार नाही. मी बाळ तिच्या मांडीवरून उचललं आणि बाथरूममध्ये बादलीच घेतली, तुम्ही शिकवलेली, खांद्यापर्यंत कोमट पाणी, मानेखाली मनगट. आई दारात उभी होती. हात पुढं येत होते तिचे. मग तिनं ते पदरात गुंडाळून घेतले.

डिंकाचे लाडू पाठवतेय, आईनं केलेले. फ्रिजमध्ये ठेवू नका, दगड होतात. एका वेळी एकच खा, अंगावर येतात. आणि तुमचं निळं पेन आमच्याकडं राहिलंय. ते मी परत देणार नाही.

तुमची,
क्लॉसेनवरच्या पलंगावरची