‘हव्या त्या लांबीला थांबणारी’ साखळी थांबत नाही, याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

संदर्भ : चांदीची स्लायडर साखळी (सरकत्या मण्याने लांबी कमी-जास्त करता येणारी), बॉक्स चेन, २२ इंच, किंमत ₹३,४९०. बिलाची आणि चॅटची प्रत सोबत जोडली आहे.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील साखळी घेतली. ती तुटलेली नाही, काळी पडलेली नाही आणि चांदीही खोटी नाही. इथे कोल्हापुरात गुजरी या सराफ बाजारातल्या सराफांनी तपासून ९२.५ टक्के असल्याचं सांगितलं आहे. हे आधीच लिहिते, कारण आपल्या ग्राहक सेवेकडून दर वेळी "साखळी डॅमेज आहे का?" एवढंच विचारलं जातं आणि ‘नाही’ म्हटलं की तक्रार बंद केली जाते. ज्या एका कामासाठी ही साखळी घेतली तेच काम ती करत नाही, ही माझी तक्रार आहे. मी ठरवलेल्या लांबीला ती राहत नाही.

मला एकाच साखळीत दोन लांब्या हव्या होत्या. ऑफिसला कुर्ता असतो, तेव्हा पेंडंट गळ्याजवळ, १६ ते १८ इंचांवर बरं दिसतं. साडीवर ठुशी घातली की तेच पेंडंट खाली, २२ इंचांवर यायला हवं, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात. त्यासाठी दोन साखळ्या कशाला घ्यायच्या, असा साधा हिशेब होता.

आपल्या पानावर लांबी बदलता येणाऱ्या साखळ्यांचे तीन प्रकार दिसले. एकात टोकाला कड्यांचा छोटा तुकडा जोडलेला, दुसऱ्यात साखळीच्या मध्येच १६ आणि १८ इंचांवर कड्या झाळलेल्या आणि तिसरा हा सरकत्या मण्याचा. तिन्हींखाली मजकूर जवळजवळ सारखाच : ‘ट्रेंडी’, ‘रोजच्या वापरासाठी’, ‘भेट द्यायला उत्तम’. खरा फरक कुठेही लिहिलेला नाही. कडीत हुक अडकवला की ती साखळी त्या लांबीला राहणारच, कारण हुक कडीतून सरकत नाही. त्यात अडचण एवढीच की मधली लांबी मिळत नाही. सरकत्या मण्यात कोणतीही लांबी मिळते, पण तिथे अडकवलेलं काहीच नसतं. साखळी फक्त घर्षणावर धरलेली असते. घेणाऱ्याला नेमकं हेच आधी कळायला हवं.

तरीही मी आपल्या चॅटवर विचारलं होतं. माझं पेंडंट ११ ग्रॅमचं आहे, ते या साखळीत चालेल का? उत्तर आलं : "हो मॅडम, कोणतंही पेंडंट आरामात चालेल." साखळीचं स्वतःचं वजन सहा ग्रॅम आहे. म्हणजे जवळपास दुप्पट वजन तिच्यावर लटकणार, हे उत्तर देणाऱ्याला माहीत होतं.

सुरुवातीला मणी घट्ट होता, इतका की सरकवायला दोन्ही हात लागत. पुढे तो सैल होत गेला. आता सकाळी १८ इंचांवर बसवलेली साखळी दुपारच्या डब्यापर्यंत पार खाली आलेली असते. एकदम सुटतही नाही, जिने चढताना, गाडीवर खड्ड्यातून जाताना थोडी थोडी उतरते. पेंडंट कुर्त्याच्या आत गेलं की लक्षात येतं. मग मानेमागे हात घालून ती वर ओढायची. ओढताना मानेवरचे बारीक केस मण्यात अडकलेले असतात, ते दोन-चार उपटूनच येतात.

सराफांनी मणी भिंगाखाली धरून दाखवला. त्यांचे शब्द असे : "ताई, मणी बाहेरून चांदीचा. आत सिलिकॉनची नळी आहे, साखळी तिच्यात आवळून बसते म्हणून थांबते. तेल, घाम, सेंट लागत राहिलं की नळी गुळगुळीत होते. त्यात तुमची साखळी बारीक आणि पेंडंट जड." नळी बदलून द्याल का, विचारलं तर ते म्हणाले की मणी बंद केलेला आहे, उघडायला गेलं तर फुटेल. भिंगातून मलाही दिसलं की भोकाच्या तोंडाशी पारदर्शक कडा एका बाजूने खाल्ली गेली आहे, जिथून साखळी ओढली जाते तिथेच.

आता शेपटाबद्दल. २२ इंचांची साखळी १६ वर आणली की उरलेले सहा इंच, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर, मागे पाठीवर लोंबतात. त्याच्या टोकाला एक थेंबासारखा मणी आहे, तो ओढणीत अडकतो, ब्लाउजच्या आत गेला की टोचतो. काहींना ही फॅशन आवडत असेल, आवडो. पण आपल्या पानावर साखळीचे सात फोटो आहेत आणि एकातही मॉडेलची पाठ दिसत नाही. सगळ्यात केस मोकळे सोडून समोरून काढलेले फोटो! मागची बाजू दाखवली असती तर मी झाळलेल्या कड्यांचाही विचार केला असता. शेपूट त्यातही राहतं, पण निदान साखळी जागेवर थांबते.

लांबीचीही गंमत आहे. पानावर २२ इंच, डबीवर ५५ सेंटिमीटर. २२ इंच म्हणजे ५५.९ सेंटिमीटर. फरक छोटा आहे म्हणून भांडत नाही, पण लांबी हाच ज्या वस्तूचा गुण सांगून विकता, तिची लांबी दोन ठिकाणी सारखी असावी एवढी अपेक्षा आहे.

आपल्याकडून लेखी उत्तर आलं की ‘सिलिकॉन हा झिजणारा भाग असल्याने सहा महिन्यांच्या वॉरंटीत येत नाही’. सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन. म्हणजे भाग झिजणारा आहे हे आपल्याला माहीत होतं. मग ते पानावर का नाही? आणि झिजणारा भाग बदलता का येत नाही? आमच्याकडे ठुशीला मागे गोंड्याची दोरी असते, तीही ओढून ठुशी वर-खाली करता येते. दोरी झिजते, मळते, पण पटवेकऱ्याकडे नेली की नवी ओवून मिळते आणि ठुशी पुन्हा घालता येते. इथे नळी झिजली की सगळी साखळी कपाटात.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार स्वतःचा माल ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘हव्या त्या लांबीला थांबते’ हा गुण आपणच जाहिरातीत सांगितला आहे. याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि महिन्याभरात निवारण करणं आपल्यावर बंधनकारक आहे. कूपन हे निवारण नाही.

माझी मागणी : पूर्ण ₹३,४९० परत करावेत, किंवा तेवढ्याच वजनाची, १६ आणि १८ इंचांवर कड्या झाळलेली २२ इंची साखळी बदलून द्यावी. दोन्हींपैकी काहीही चालेल. परतीचा कुरिअर खर्च मी देणार नाही. शिवाय पानावर स्लायडर साखळीखाली तीन गोष्टी छापाव्यात : ती किती ग्रॅमपर्यंतचं पेंडंट धरते, मण्याच्या आत सिलिकॉन आहे आणि तो वॉरंटीत नाही, आणि आखूड केल्यावर मागे किती साखळी लोंबते. शेवटच्यासाठी पाठीचा एक फोटो पुरेल.

मुदतीत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्क नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. चॅटचे स्क्रीनशॉटही जपून ठेवले आहेत.

साखळी मूळ डबीत, बिलासह तयार आहे. पिकअपला माणूस पाठवण्याआधी फोन करावा, सकाळी दहानंतर मी घरी नसते.

आपली,
एक ग्राहक,
कोल्हापूर