विहीर हद्दीबाहेर आहे, मग झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नॅशनल पार्कखालचा गॅस काढायचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं, रिग, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, हद्दीबाहेरच राहणार, तिथून जमिनीखालून तिरकं ड्रिलिंग करणार, काळजी नको. हे ऐकलं की मला आसामचं बाघजान आठवतं.

तिनसुकिया जिल्ह्यातलं गाव, शेजारी डिब्रू-सैखोवा नॅशनल पार्क आणि मागुरी बील, म्हणजे मोठं तळंच. आम्ही चौघं पुण्याहून जानेवारी २०१९ मध्ये पक्षी बघायला गेलेलो. नावाडी दादा म्हणाले पार्कात रानटी घोडे आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांचे वंशज, आम्हाला एकही दिसला नाही ते सोडा.

२७ मे २०२० ला तिथल्या ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या ५ नंबरच्या विहिरीत ब्लोआउट झाला, म्हणजे गॅस आवरेना आणि दाबाने बाहेर उसळला, ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन जवान जीवानिशी गेले, घरं जळली, हजारो माणसं कॅम्पात, आणि आग विझायला नोव्हेंबर उजाडला. आता ही विहीर पार्कबाहेरच होती बरं का! पण हद्दीपासून किलोमीटरभरही नाही. गॅसबरोबर उडालेलं तेल चहाच्या पानांवर, गवतावर, बीलच्या पाण्यावर बसलं, मासे मेले, नदीतला एक डॉल्फिन मेलेला सापडला. दादांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, होडीच्या कडेला तेलाचा तवंग आणि खाली दोनच शब्द, "माछ नाई", मासे नाहीत.

कहर म्हणजे ब्लोआउटच्या सोळाच दिवस आधी, ऐन लॉकडाऊनमध्ये, केंद्राने याच कंपनीला पार्कखाली ७ ठिकाणी ड्रिलिंगची पर्यावरण मंजुरी दिलेली (पुढे गुवाहाटी हायकोर्टाने स्थगिती दिली). आणि त्याच वर्षी, २०२० च्या जानेवारीत, नोटिफिकेशन काढून तेल-गॅसच्या शोधासाठीच्या ड्रिलिंगला जनसुनावणीतून सूटही देऊन टाकली, ती देशभरासाठी. जनसुनावणीत फार काही होतं असं नाही, मांडव, माईक, साहेब लोक घड्याळ बघत बसलेले, पण निदान एखादी बाई उठून विचारते की विहीर फुटली तर आम्ही लेकरं घेऊन कुठं पळायचं, आणि ते इतिवृत्तात लिहावं लागतं. बाघजानच्या लोकांना नंतर भरपाईसाठी रास्ता रोको करावा लागला.

गॅस मलाही लागतो, मी काही चुलीवर स्वयंपाक करत नाही. पण ही सूट आधी रद्द करा, आणि विहीर पार्कच्या आत की बाहेर हे सांगताना गावापासून किती लांब तेही सांगा.

आपला,
एक वाचक, पुणे