फुंकलं नाही म्हणजे सुटला, असं नसतं

सातारा,
६ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

तुझं पत्र काल मिळालं. धाकट्याला ३१ डिसेंबरच्या रात्री बॉम्बे रेस्टॉरंट चौकातल्या नाकाबंदीत मोटरसायकलवर धरलं, त्यानं दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला नकार दिला, मग सिव्हिलला नेऊन रक्त घेतलं आणि लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं. तरी "फुंकलंच नाही, तर पुरावा कुठाय?" हे त्याचं पालुपद चालूच आहे म्हणतोस. पुरावा कुठाय ते सांगतो.

मोबाईलवर ते व्हिडिओ फिरतात ना, त्यातला निम्मा कायदा अमेरिकेचा असतो. तिकडं बहुतेक राज्यांत नकार दिला एवढ्यावरच लायसन्स निलंबित होतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात नकाराला वेगळी शिक्षा नाही. ह्यावरूनच लोकांना वाटतं की नकार फुकट आहे. पण कलम २०३ नीट वाच. फुंकायला नकार दिला आणि प्यायल्याचा वाजवी संशय असला, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ठाण्यात परत एकदा फुंकायची संधी द्यावी लागते. तिथंही नाही म्हटलं की कलम २०४ प्रमाणे डॉक्टरांकडून रक्त घेता येतं. वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. म्हणून पहिली गोष्ट ही बघ: अटकेची वेळ आणि सिव्हिलच्या कागदावरची वेळ. दोन्ही लिहून ठेव.

दोन तासांत उतरेल, असा त्याचा हिशेब असणार. रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरते, आणि मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ८० असलेला माणूस दोन तासांनी ५० वर येतो, म्हणजे मर्यादेच्या वरच. आणि शेवटचा पेग नुकताच मारलेला असेल तर आकडा आधी चढतो, मग उतरतो. अशा वेळी चौकात फुंकलेलंच कमी येऊ शकलं असतं!

मशीनवर विश्वास नसेल तर करायचं वेगळंच असतं. नवी नळी मागायची. नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोलचा माउथवॉश वापरला असेल तर तोंडात राहिलेल्या अंशानं आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटं थांबून फुंकू द्या, अशी विनंती करायची आणि ती लिहून घ्यायला सांगायची. विनंती म्हणजे नकार नव्हे. दम्याच्या माणसाची फुंकर कमी पडते, मशीन नमुना अपुरा दाखवतं. ते कारण वाजवी आहे, पण त्याला जुनी औषधाची चिठ्ठी लागते. नोटीस आल्यावर आणलेला दाखला कुणालाही कळतो.

कलम २०५ फुंकायच्या नकारालाही आडवं येतं आणि रक्ताच्या नकारालाही. वाजवी कारण नसेल तर कोर्ट नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला पूरक धरू शकतं. रक्त दिलं ते बरं झालं. आता वकिलांना तीन गोष्टी बघायला सांग: सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटनं पुसली का (पुसायची नसते), बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का (नसलं तर नमुना आंबून त्यातच दारू तयार होऊ शकते), आणि सील व लेबल ठाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत जुळतंय का. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच म्हटलंय की नुसता वास आणि लडखडणं एवढ्यावर दारू प्यायल्याचं पक्कं सिद्ध होत नाही. म्हणून सगळं वजन त्या बाटलीवर आहे.

आता लायसन्स. इथं लोक फार गोंधळतात, कारण वाटा दोन आहेत. एक कोर्टाची. दारू पिऊन गाडी चालवण्याचा, म्हणजे कलम १८५ चा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही. पहिल्या वेळेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्याची काळजी नको.

दुसरी वाट आरटीओची, आणि ती कोर्टाच्या निकालासाठी थांबत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोलीस लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडं पाठवतात. त्याची पोच मिळते. त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही! इतर काही जप्तीत तात्पुरती पावती चालते, म्हणून फसगत होते. मग नोटीस येईल, म्हणणं मांडायची संधी मिळेल. ठपका ठरला तर पहिल्या वेळेला तीन महिने अपात्र, दुसऱ्यांदा लायसन्सच रद्द.

नोटिशीचं उत्तर लेखी दे आणि आवक शिक्का मारलेली प्रत घे. कलम १९ मध्ये 'सर्व किंवा कोणत्याही वर्गाची' वाहनं असे शब्द आहेत. पकडला तो मोटरसायकलवर, पोट आहे पिकअपवर. तेव्हा अपात्रता दुचाकीपुरती ठेवावी, अशी विनंती लेखी कर. मान्य होईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोण देतंय? आदेश विरोधात गेला तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील. तीन महिने भरले तरी रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही, त्याची चौकशी आधीच कर.

अपात्र असताना चालवलं तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. विम्याचंही तसंच. फुंकलं नाही, रक्त दिलं नाही, तरी इतर पुराव्यावरून दारू सिद्ध करून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळे कागद घेऊन ये. उत्तराचा मसुदा बसून लिहू. तोवर पिकअपची किल्ली आबांकडं ठेव, त्याच्या खिशात नको.

तुझा,
विनायक