किमान दराचा रकाना सक्तीचा हवा

महोदय,

सावदा येथे आम्ही केळीचे वेफर्स तयार करून ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. स्पर्धकाचा दर पाहून आपला दर आपोआप बदलणारे सॉफ्टवेअर गेल्या दिवाळीत घेतले. मात्र त्यातील किमान दराचा रकाना रिकामा राहिला आणि दुसऱ्या विक्रेत्याच्या तशाच सॉफ्टवेअरशी रुपया-रुपयाने उतरत आमच्या पुड्याचा दर एका रात्रीत निव्वळ तेलाच्या खर्चाखाली गेला. चूक आमचीच होती, हे मान्य. पण तो रकाना भरल्याविना सॉफ्टवेअर सुरूच कसे होते?

उलट दिशेचे उदाहरण २०११ मध्ये अॅमेझॉनवर घडले. जीवशास्त्राच्या एका पुस्तकाच्या दोन विक्रेत्यांपैकी एकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या दराच्या ०.९९८३ पट दर लावी, दुसऱ्याचे पहिल्याच्या सुमारे १.२७ पट, आणि कोणी माणूस लक्ष घालेपर्यंत किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. आपल्याकडे वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीमुळे पाकीटबंद मालाचे दर असे आभाळाला भिडत नाहीत, परंतु खाली घसरण्याला तसा अटकाव नाही. (बागेत येणारा केळीचा व्यापारी भाव पाडतो, तेव्हा निदान त्याच्याशी हुज्जत तरी घालता येते.)

तेव्हा ऑनलाइन बाजारपेठांनी किमान दर भरल्याशिवाय अशी सॉफ्टवेअर जोडू देऊ नयेत, तसेच दर ठरावीक टक्क्यांहून अधिक घसरताच विक्रेत्याची संमती मिळेपर्यंत पुढील बदल थांबवावा, अशी मागणी आहे.

– एक लघुउद्योजक, सावदा (जि. जळगाव)