आधी ओढा आखा, मग रस्ता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा राज्य शासनाने २०२५ मध्ये रद्द केला, तेव्हापासून शहराभोवतालच्या गावांचे नियोजन पुन्हा कोणी आणि कसे करायचे यावर बरीच चर्चा झाली. ही चर्चा मुख्यतः रिंगरोड, चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) आणि कोणाच्या जमिनीवर आरक्षण पडले व कोणाचे उठले याभोवतीच फिरत राहिली. पावसाचे पाणी या गावांत कुठून उतरते आणि कुठे जाते, हा प्रश्न तिथे जवळजवळ आलाच नाही. हवामानबदलाला तोंड देऊ शकेल अशी नवी वस्ती वसवायची भाषा सरकारी कागदांतून हल्ली सतत वाचायला मिळते. ती खरोखर मनावर घ्यायची असेल, तर नकाशावरची पहिली रेघ ओढ्याची असली पाहिजे आणि ओढ्याला लागणारी जमीन नगररचना योजनेतूनच, म्हणजे सर्वांच्या जमिनी एकत्र करून भूखंड नव्याने वाटून देण्याच्या पद्धतीतूनच, काढली पाहिजे, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने कात्रजपासून दत्तवाडीपर्यंत हाहाकार उडवला. अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसे दगावली, सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले, वाहने वाहून गेली. त्या रात्रीचा पाऊस असाधारण होता, हे मान्यच आहे. पण डोंगरउतारावर झालेली बांधकामे, पात्रात टाकलेला भराव आणि दोन्ही काठांना चिकटून उभ्या राहिलेल्या सीमाभिंती यांनी त्या पाण्याला पसरायला जागाच ठेवली नव्हती. हाच ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला गेला होता आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळेही बांधले गेले होते. आज तिथे सारसबाग आहे. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणणाऱ्या कारागिरांना पाण्याच्या चढ-उताराची जी जाण होती, ती आपल्या आजच्या बांधकाम नकाशांत दिसत नाही.

भूमी अभिलेख कार्यालयातील महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या एखाद्या गावाचा जुना नकाशा उघडून पाहावा. गटांच्या हद्दींमधून ओढे-नाले वळणे घेत गेलेले त्यात स्पष्ट दिसतात. सातबाऱ्यावर त्यातल्या काही जमिनीपुढे पोटखराब्याची नोंद असते. तिथे पीक घेता येत नाही, कारण खडक उघडा पडलेला असतो किंवा पावसाळ्यात तिथून पाणी वाहते. जमीन बिनशेती होऊन तिचे तुकडे पडले, की कागदावर उरतात ते काटकोनी भूखंड. मग ओढा भूखंडाच्या कडेने काटकोनात वळवला जातो, त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या जातात आणि रस्ता ओलांडायची वेळ आली की दोन सिमेंटचे नळ टाकून मोरी केली जाते. जूनच्या पहिल्या पावसानंतर अशा मोरीच्या तोंडाशी जाऊन पाहावे. थर्माकोल, झावळ्या, गोणपाट आणि कोणा फ्लॅटच्या दुरुस्तीतला राडारोडा यांनी दोन्ही नळ तुंबलेले असतात आणि पाणी रस्त्यावरून वाहत असते.

यावर उपाय म्हणून मोठ्या व्यासाची पावसाळी गटारे मागितली जातात. त्यांची गरज आहेच, पण थोडा हिशोब करून पाहावा. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी जमा होते. म्हाळुंगे-माण येथे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) आखलेल्या नगररचना योजनेएवढे, म्हणजे सुमारे २५० हेक्टरांचे क्षेत्र धरले, तर हे पाणी साडेबारा कोटी लिटर होते. पूर्वी शेत, बांध, गवत यांत त्यातले बरेचसे अडत असे. छप्पर, डांबर आणि पेव्हर ब्लॉक झाल्यावर ते जवळजवळ सगळे काही मिनिटांत खाली धावते. याच क्षेत्राचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ हेक्टर जमीन, उद्याने, मैदाने आणि ओढ्याचे काठ मिळून आजूबाजूपेक्षा सरासरी ६० सेंटिमीटर खोलगट ठेवली, तर तीत १५ कोटी लिटर पाणी काही तास थांबू शकते. मोकळ्या जागा आपण नाहीतरी सोडतोच. फक्त त्या भरावावर उंच करून, कठडा बांधून सोडतो आणि उरलेला, कोपऱ्यातला, कोणालाही नको असलेला तुकडा उद्यानाला देतो.

पाणी जमिनीत जिरवण्याच्या बाबतीत मात्र भाबडेपणा नको. पुण्याखाली बसाल्ट आहे. त्याच्या काही थरांत भेगा आणि सच्छिद्रता असते, तिथे पाणी चांगले मुरते. काही थर इतके घट्ट असतात की त्यांवर खोदलेला शोषखड्डा म्हणजे नुसता हौद. नदीकाठच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात तर माती भिजली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. बांधकाम परवान्यासाठी एकाच मापाचा खड्डा सगळीकडे दाखवण्याची पद्धत म्हणूनच निरुपयोगी आहे. वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी जिथे मुरूम आणि भेगाळ खडक आहे तिथे समतल चर आणि पाझर तळी. मधल्या भागात रस्त्याकडेने वाळू-खडी भरलेले, झाडे लावलेले उथळ चर. आणि खाली नदीजवळ पुराचे पाणी निवांत पसरेल अशी मोकळी जमीन, अशी विभागणी भूजलाचा नकाशा समोर ठेवूनच करता येते.

आता जमिनीचा प्रश्न. विकास आराखड्यात ओढ्याकाठी हिरवा पट्टा रंगवला की ज्याच्या गटातून ओढा जातो तो एकटा शेतकरी भरडला जातो आणि शेजाऱ्याची जमीन सोन्याची होते. मग तो हरकत घेतो, न्यायालयात जातो किंवा रात्रीतून भराव टाकतो, आणि त्याचे फार चुकते असेही म्हणवत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील नगररचना योजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सोयींसाठीचा वाटा काढून, प्रत्येकाला मूळ क्षेत्राच्या साधारण निम्मा विकसित भूखंड परत देता येतो. ओढ्याची, तळ्याची आणि पाणी थांबण्याची जागा या सामायिक वाट्यातून काढली, तर तिचा भार सगळ्यांवर सारखा बसतो आणि काठची जमीन एकाच्या मालकीची राहत नाही. हे साधन कायद्यात आहे. आपण ते आजवर प्रामुख्याने रुंद रस्ते मिळवण्यासाठी वापरले.

जगात असे झाले आहे का, असे विचारले जाईल. सिंगापूरमध्ये बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेने कालांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट कालव्यातून वाहत असे. तो फोडून उद्यानातून वळणे घेत जाणारे ३.२ किलोमीटरचे पात्र तयार केले गेले आणि २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पाऊस वाढला की उद्यानाचा काठ नदीत जातो आणि ओसरला की पुन्हा लोक तिथे येऊन बसतात. रॉटरडॅममधील बेंथेमप्लेन चौकात खेळाचे मैदानच खोल केलेले आहे आणि पावसात ते १७ लाख लिटर पाणी धरते. मात्र याच विचारावर बराच खर्च केलेल्या चीनमधील चंगचौ (झेंगझोऊ) शहरात जुलै २०२१ मध्ये एका तासात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसे बुडाली. तेव्हा उद्याने आणि तळी असली की पूर येणारच नाही, असे आश्वासन कोणी देऊ नये. त्यांच्या क्षमतेपलीकडचे पाणी कोणत्या रस्त्याने, कोणाच्याही घरात न शिरता नदीपर्यंत जाईल, तो मार्गही नकाशावर आधीच ठरलेला असला पाहिजे आणि त्यावर तळघरातल्या वाहनतळाचे तोंड उघडता कामा नये.

देखभालीचा मुद्दा मला सर्वांत चिंतेचा वाटतो. अशा खोलगट जागा पहिल्या वर्षी छायाचित्रासाठी छान दिसतात, तिसऱ्या वर्षी त्यांत गाळ, मैलापाणी आणि डास असतात, आणि मग रहिवासीच त्या बुजवा म्हणून मागणी करतात. डेंग्यूच्या डासाची पैदास व्हायला साधारण आठवडाभर साचलेले पाणी लागते. म्हणून अशी जागा पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत रिकामी होईल अशीच बांधावी लागते, आणि दर उन्हाळ्यात गाळ काढायला माणसे लागतात. मैलापाण्याची जोडणी पावसाळी नाल्यात झालेली असेल तर बाकी सारे व्यर्थ आहे. उद्यान, मलनिस्सारण आणि पथ हे तीन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत राहू नयेत, यासाठी या कामाला अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष आणि एक जबाबदार अभियंता असायला हवा. झाडेही उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज अशी ओढ्याकाठची असावीत. पाम आणि लॉन यांना पाणी द्यावे लागते, ती पाणी धरत नाहीत.

टेकड्यांविषयी पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतील ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. ते मोबदल्याच्या वादात किती वर्षे अडकले ते पुणेकर जाणतात. नव्या गावांत तीच गत होऊ नये, एवढे म्हणतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ओढा मोकळा करायचा म्हटले की कारवाईची सुरुवात काठच्या झोपड्यांपासून होते आणि वरच्या अंगाला पात्रात भिंत घालून बसलेल्या सोसायटीला नोटीस देऊन थांबते. निसर्गाच्या नावाने गरिबांना शहराबाहेर पाठवायचे असेल तर ती योजना नकोच. काठावरून ज्यांना हलवणे खरोखर अटळ आहे, त्यांची घरे त्याच योजनेच्या हद्दीत, त्याच सामायिक जमिनीवर आधी बांधून द्यावीत.

नवा आराखडा करताना कायद्याने विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावाच लागतो. त्याची पाहणी पावसाळ्यात व्हावी, कारण उन्हाळ्यात कोरडा ओढा आणि पायवाट यांत फरक दिसत नाही. गाव नकाशावरचे प्रत्येक ओढे-नाले, पूररेषा आणि सखल जागा गटक्रमांकासह त्यात दाखवाव्यात, बुजवलेल्या जागाही दाखवाव्यात, आणि प्रस्तावित आरक्षणे ठरण्यापूर्वी हा नकाशा प्रत्येक गावच्या चावडीत व क्षेत्रीय कार्यालयात लावून लोकांच्या हरकती मागवाव्यात. कोणत्या शेतात किती पाणी भरते, हे सांगणारी माणसे त्या गावांत अजून आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, आंबेगाव बुद्रुक, पुणे