वायफायच्या यंत्रांवरचं टेलनेट आधी बंद करा

महोदय,

गेली चौदा वर्षं मी सातारा जिल्ह्यात शाळा, पतसंस्था आणि दवाखान्यांच्या वायफायची देखभाल करतो. वायफायचा सिग्नल देणारे अ‍ॅक्सेस पॉइंट छताला, त्यांना चालवणारा कंट्रोलर कुठल्या तरी कपाटात आणि मी घरी लॅपटॉपसमोर, असं आमचं निम्मं काम लांबूनच, टर्मिनलवर आज्ञा टाइप करून चालतं. त्यासाठी लांबून यंत्रात शिरायची जुनी सोय म्हणजे टेलनेट.

मागच्या पावसाळ्यात एका दवाखान्याचं वायफाय रात्री बंद पडलं. केसपेपर टॅबवर, त्यामुळे सिस्टरांचं सगळं काम अडलं. मी लॉगिन करायला गेलो, तर कंट्रोलर आत घेईना. त्यावर एका वेळी पाचच रिमोट सेशन (लांबून केलेली लॉगिन) चालतात आणि पाचही अडकून पडलेली. माझ्या आधीचा माणूस लॉगआउट न करताच लॅपटॉप मिटायचा. कंपनीकडून येताना टाइमआउट (काम थांबल्यावर सेशन तुटायची मुदत) पाच मिनिटांचा असतो. तो कुणी तरी शून्य केलेला, म्हणजे सेशन आपोआप कधीच तुटायचं नाही. भर पावसात ४० किलोमीटर गाडी मारत गेलो, यंत्राला थेट जोडायची कन्सोल केबल लावली, सेशन तोडली. बिघाड दहा मिनिटांत निघाला. जाण्यात मात्र दीड तास गेला, आणि तो दवाखान्याचा दीड तास होता.

केबल लावल्यावर दिसलं की पाचही सेशन टेलनेटची आणि सगळी एकाच 'अ‍ॅडमिन' नावावर. आत नेमकं कोण होतं, हे कळायला मार्गच नाही.

टेलनेटवर टाइप केलेलं अक्षर न् अक्षर उघडं जातं. हे सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी घरच्या यंत्रावर करून दाखवतो. नेटवर्कवरून काय जातं ते दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्राममध्ये तो संवाद उघडला की युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, कारण यंत्र ते परत पाठवतं. पासवर्ड परत पाठवत नाही, म्हणून तो एकेरी आणि अगदी स्वच्छ वाचता येतो. पाहणारा गप्प होतो.

हे काही नवं नाही. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच, म्हणजे सगळं कूटबद्ध करून पाठवणारा टेलनेटचा पर्याय, लिहिलं, ते तिथल्या नेटवर्कवर अशीच पासवर्डचोरी झाल्यानंतर. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रामने उघडं टेलनेट आणि कंपनीचेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या यंत्रांच्या माऱ्यामुळे त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. तरीही आपल्याकडे यंत्रं टेलनेट चालू ठेवूनच बसवली जातात. 'सोपं पडतं' हे कारण मला मान्य नाही. टेलनेटसाठी वापरतात तो पुटी प्रोग्रामच एसएसएचही चालवतो.

संस्थाचालक आम्हाला रेंज आणि खर्च, एवढंच विचारतात. कृपया करारात लिहून घ्या: टेलनेट बंद, प्रत्येक तंत्रज्ञाचं वेगळं खातं, टाइमआउट शून्य नको. ठेकेदार बदलला की त्याची खाती त्याच दिवशी काढा. जुना पासवर्ड वर्षानुवर्षं तसाच चालू असलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय, शाळांत सर्वांत जास्त.

आता काम संपलं की मी संस्थेच्या माणसाला शेजारी बसवतो आणि त्याच्या देखत टेलनेट लावून पाहतो. यंत्राने जोडणी नाकारली, तरच सहीसाठी कागद पुढे करतो.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सातारा